दोनशे हरकतींची एक हरकत

दिवाळी अंकात आपल्या कामाचे अनुभव लिहितात ते बहुतेक निवृत्त लोक. कुणी पोस्टात आयुष्य काढलेलं असतं, कुणी वीज मंडळात. माझं वय एकतीस. निवृत्त व्हायला आधी नोकरी लागते, ती मला कधी नव्हती. तरी संपादकांचा फोन आला की तुम्ही त्या कचरा डेपोच्या प्रकरणात होता ना, त्यावर लिहा, पण जरा हलकंफुलकं असू द्या. माझ्याजवळ हलकंफुलकं काही नाही. ज्यांना चिवड्यासोबत वाचायला हवंय त्यांनी सरळ पुढचा लेख काढावा.

माझं काम हरकती लिहिण्याचं. बाहेरच्याला हे कळत नाही म्हणून सांगते. सरकारला गावातली एखादी जमीन कशासाठी द्यायची असली की आधी जाहीरनामा काढावा लागतो. अमुक गटातली जमीन तमुक कामासाठी देण्याचं ठरत आहे, कुणाची हरकत असल्यास इतक्या दिवसांत लेखी कळवावी, असा तो कागद असतो. तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावतात, पोलिओच्या जुन्या पोस्टरच्या अर्ध्या भागावर. तो नियमानं वाचतात फक्त शेळ्या, कारण त्यांना खळ आवडते. माणसांना पत्ता लागतो तेव्हा चार-पाच दिवस उरलेले असतात. त्या चार-पाच दिवसांत माझं काम चालतं. मी गावात जाते, लोकांना गोळा करते, हरकती लिहून घेते, कचेरीत देते आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेते. त्या शिक्क्याच्या प्रतीला पोच म्हणतात. पोच नसेल तर तुम्ही काही बोललाच नाहीत. मुदतीत लिहून गेलं ते गेलं, नंतर कितीही बोंबला.

हे काम मी शिकले पत्रकांवर. आमच्या संघटनेत एक निवृत्त मास्तर होते, आम्ही त्यांना सर म्हणायचो. ते सांगायचे की एका पत्रकात एकच मागणी ठेवायची, कारण तुझा वाचक पानठेल्यावर उभा असतो, आणि त्याचा तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून होईपर्यंतच तो तुझा असतो. ओळ छोटी पाहिजे, शब्द ओळखीचे पाहिजेत, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट पाहिजे. मी त्यांची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. सर आता नाहीत, त्यामुळे हे पुढचं त्यांना वाचावं लागणार नाही, एवढंच बरं.

आमचं गाव तालुक्याचं, वर्धा जिल्ह्यातलं. नाव लिहीत नाही, कारण असं गाव प्रत्येक तालुक्यात आहे. गावचा कचरा वर्षानुवर्षं शाळेच्या मागे टाकत. मुलं खिडक्या बंद करून पाढे म्हणत. माझी पहिली लढाई त्या कचऱ्याची. पत्रक मी लिहिलं, त्यावर मोठ्या अक्षरांत दोनच शब्द होते, ‘कचरा हलवा’. दीड महिना आम्ही ते वाटलं, नगर परिषदेच्या दारात बसलो, मुख्याधिकाऱ्यांच्या गाडीसमोर बसलो. शेवटी ते बाहेर आले आणि म्हणाले की मागणी मान्य, कचरा हलवतो. त्या दिवशी लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. शाळेतल्या बायांनी माझी ओटी भरली. बाबांचं बाजारात डिस्पोजलचं दुकान आहे, म्हणजे लग्नकार्यातली एकदा वापरून फेकायची ताटं, वाट्या, ग्लास. त्यांनी विजयाच्या जेवणाला सगळी ताटं-ग्लास दुकानातून दिली. जेवण झाल्यावर ती ताटं कुठे गेली, हे मी पाहिलं नाही.

कुठे हलवता, हे मी मुख्याधिकाऱ्यांना विचारलंच नव्हतं. पत्रकात तेवढी जागा नव्हती.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी एक माणूस संघटनेच्या खोलीत आला. पन्नाशीचा, अंगानं वाळका, डोक्याला दुपट्टा बांधलेला, हातात काठी. काठी दाराबाहेर ठेवून मग आत आला. नाव सांगितलं दौलत नेवारे. बोरखेडीचा गायकी. बोरखेडी हे मी बदलून घातलेलं नाव, आणि गायकी म्हणजे गावची गुरं राखणारा. त्यानं खिशातून मोबाईल काढून मला दिला. गावातल्या कुणी तरी फलकावरच्या जाहीरनाम्याचा फोटो काढून दिला होता. वाचता त्याला येत नव्हतं, पण सही करता येत होती. कागदात काय आहे ते त्यानं दोघा-तिघांकडून वाचून घेतलं होतं आणि पाठ केलं होतं. बोरखेडीची ई-क्लास जमीन आमच्या गावच्या कचऱ्यासाठी देणार होते.

मी मान वर केली नाही. दौलतकाका म्हणाले, “तुमीच काढला ना जी थो कचरा शाळेमागून? मंग आमचा बी काढून द्या. अजून आला नाई, पन येऊन राह्यला म्हनतेत.”

टोमणा असता तर मी उलटून बोलले असते. टोमणा नव्हता. गावातले अवघड बैल नालबंदाकडे नेतात तसे ते माझ्याकडे आले होते. कचरा काढणारी बाई म्हणून.

त्या संध्याकाळी जेवताना मी घरी बडबडले. नगर परिषदेनं कसा दगा दिला, आपली घाण गरिबाच्या दारात नेऊन टाकतात, वगैरे. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मंग कुठी न्यायचा? माह्या दुकानात आनून ठेवतं काय?” आई म्हणाली की जेवताना तरी कचरा काढू नका. मी ताटावरून उठले. या प्रश्नाचं उत्तर मी आजही देऊ शकत नाही, आणि ज्यांना वाटतं की माझ्याजवळ उत्तर असायला पाहिजे, त्यांनी हा प्रश्न आधी आपल्या घरातल्या काळ्या पिशवीला विचारावा.

मी बोरखेडीला सकाळीच गेले. गावाबाहेर आखर असतो, म्हणजे गावची गुरं सकाळी एकत्र करायची मोकळी जागा. तिथे दौलतकाका काठीवर हनुवटी ठेवून उभे होते आणि घराघरांतून गाई-बैल आपल्या आपण येऊन उभे राहत होते. कुणी हाकत नव्हतं. उशीर झालेल्या एका गाईसाठी सगळा कळप थांबला. ती यायची ती मधे कुणाच्या तरी अंगणात तोंड घालून यायची, रोज. तिच्या मालकिणीनं पळत येऊन सांगितलं की आज हिला लवकर आणा, हिचा पाय दुखते. काकांनी मान हलवली. मग त्यांनी जिभेनं एक आवाज काढला आणि सगळा कळप चालायला लागला.

ई-क्लास म्हणजे गुरं चारायला सोडलेली सरकारी जमीन. ती कुणाच्या नावावर नसते, म्हणून कागदावर ती रिकामी दिसते. मी त्यांच्या मागे तासभर फिरले. हिवराची झाडं, तरोटा, पळसाची खुंटं, मधे मुरमाड उंचवटा. मला ती जमीन रिकामीच दिसली, हे कबूल करते. मग उताराला एका जागी काका बसले, हातानं रेती उकरली. हाताएवढा खड्डा झाला आणि त्यात पाणी भरलं. आधी गढूळ, मग निवळ. त्यांनी ओंजळभर पिऊन दाखवलं.

“हा झिरा हाय. चैतापर्यंत आटत नाई. इथून नाला निघते आन गावच्या विहिरीमागून जाते. विहिरीले पानी याच्यामुळंच हाय, पन हे कोनाले मालूम नाई. मले मालूम हाय आन गुरांले.”

मी म्हटलं, छान. आणि त्यांना उंचवट्यावर उभं करून कळपासोबत फोटो काढला, पत्रकासाठी. फोटो फार चांगला आला. मागे आकाश, पुढे शिंगं. झिऱ्याचा फोटो मी काढला नाही. झिरा दिसायला म्हणजे हातभर ओली रेती. त्यानं कोण पेटतं?

मुदत संपायला तीन दिवस होते. मी हरकतीचा नमुना तयार केला आणि वर्ध्याहून छापून आणला. आमच्या गावच्या प्रेसवाल्याला बाबा ओळखतात, म्हणून तिथे नाही. मजकूर माझा होता आणि मला तो अजून पाठ आहे. ‘सदर प्रकल्पामुळे पर्यावरणाची अपरिमित हानी होणार असून ग्रामस्थांच्या आरोग्यावर व उपजीविकेवर घाला येणार आहे. हा निर्णय लोकशाहीची पायमल्ली करणारा असल्याने आम्ही त्याचा तीव्र निषेध करीत आहोत.’ खाली नाव, सही, तारीख. वाचून मला स्वतःलाच शहारे आले होते.

समाज मंदिरात टेबल मांडलं. लोक रांगेनं आले. सरपंच बाई आल्या, त्यांच्यामागे बायांचा घोळका आला. कुणी सही केली, कुणी अंगठा दिला. एक म्हातारी म्हणाली की मागच्या खेपेला असाच अंगठा दिला तर घरकुल दुसऱ्याले गेलं, आता कशाचा हाय? तिला समजावण्यात वेळ गेला. दौलतकाका रांगेत मधे कुठे तरी होते. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी कागद हातात घेतला नाही. ते सांगायला लागले. गुरं किती, कोणती गाभण, पाऊस लांबला की कळप कुठल्या बाजूला वळवतात, उताराला झिरा कुठे आहे, त्याच्या वर कचरा पडला तर पाणी कुठून कुठे जाईल. सरळ नव्हे, आडवळणानं. एका गाईची गोष्ट मधेच दुसऱ्या गाईत जायची. मागे तीस-चाळीस माणसं उभी होती आणि त्यातल्या अर्ध्यांना कापूस वेचायला जायचं होतं.

मी म्हणाले, “काका, सगळं आलंय यात. सही करा.”

“झिऱ्याचं आलं काय?”

“पर्यावरणाचं आलंय ना, त्यात आलं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेल्या माणसाच्या शब्दात त्यांचा झिरा मावत असेल, असं ते धरून चालले असावेत. वळणदार अक्षरात सावकाश सही केली, आणि गुरं एकटी आहेत म्हणून लगेच गेले.

दोनशेच्या वर हरकती जमल्या. आमच्या संघटनेच्या इतिहासात एवढ्या कधी जमल्या नव्हत्या. मी त्यांचा गठ्ठा लाल दोऱ्यानं बांधून कचेरीत नेला. आवकच्या टेबलावर एक बाबू होते, मी त्यांना ढोले बाबू म्हणेन. शांत माणूस, नाकावर चष्मा, टेबलावर भिजलेला स्पंज. त्यांनी गठ्ठा पाहिला, वरचे चार कागद चाळले, मग मधले दोन, मग खालचे.

“सगळे एकसारखेच हायेत काय?”

“एका शब्दाचा फरक नाही,” मी म्हणाले. अभिमानानं म्हणाले. माझ्या मते ती ताकद होती.

ढोले बाबूंनी गठ्ठ्याच्या कडा पुन्हा सारख्या केल्या. आज मला वाटतं की त्यांना काही तरी सांगायचं होतं. त्यांनी एवढंच विचारलं की प्रत्येकावर वेगळा शिक्का पाहिजे की गठ्ठ्यावर एक चालेल. प्रत्येकावर मारायचं म्हटलं तर दुपार जाईल, म्हणाले. बाहेर दोन पत्रकार थांबले होते. मला गठ्ठा हातात घेऊन फोटो काढायचा होता. मी म्हणाले, चालेल एक. त्यांनी वरच्या कागदावर शिक्का मारला, आवक क्रमांक लिहिला आणि पोच माझ्या हातात दिली. एक गठ्ठा, एक क्रमांक.

हे लिहिताना मला राग येतो आहे, आणि तो फक्त स्वतःचा नाही. दोनशे माणसांनी हातातलं काम सोडून सही केली, हे त्या कचेरीला दिसत होतं. जमीन पाहायला माणूस पाठवायचा असतो, ते त्यांना ठाऊक होतं. पाहणी झालीच, कागदावर झाली. जीप रस्त्यावर उभी राहिली, खाली न उतरता कुणी उंचवट्याकडे बोट केलं आणि पंचनामा झाला. त्यावर सह्या करणाऱ्या दोन पंचांपैकी एकानं मला नंतर सांगितलं की ऊन फार होतं, आणि काय पाहायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. सरकारनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, ही अपेक्षा मी सोडणार नाही. पण काय पाहायचं ते सांगणं माझं काम होतं.

सुनावणी होती तेव्हा आम्ही ट्रॅक्टर करून गेलो. कचेरीबाहेर घोषणा झाल्या. आत फक्त दहा जणांना सोडलं. साहेब तरुण होते, माझ्याच वयाचे असावेत. चांगलं बोलत. सगळ्यांना बसायला सांगितलं, बायांना पाणी दिलं. मग फाईल उघडून म्हणाले, “एक हरकत आलेली आहे. आपण ती वाचू.”

मला वाटलं, पहिली म्हणतायत. मी म्हणाले की दोनशेच्या वर आहेत. साहेबांनी गठ्ठा वळवून माझ्यापुढे ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, “मजकूर एकच आहे, आवक क्रमांक एकच आहे. सह्या दोनशे असतील. हरकत एकच आहे.”

मग त्यांनी माझा मजकूर वाचून काढला. अपरिमित हानी म्हणजे कोणती, विचारलं. घाला कसा येणार, विचारलं. पायमल्लीचं त्यांनी सोडून दिलं. मी बोलले. पाच मिनिटं बोलले असेन, आणि त्या पाच मिनिटांत माझ्या तोंडून पत्रकाबाहेरचा एकही शब्द आला नाही. दुर्गंधी, रोगराई, लोकशाही. साहेब लिहून घेत होते. प्रकल्प शास्त्रीय पद्धतीनं राबवायचा असल्यानं या शंका निराधार आहेत, असं त्यांनी लिहिलं. मी उलट्या बाजूनंसुद्धा वाचू शकते, हे माझ्या कामात शिकले आहे.

तेव्हा दौलतकाका उठले. काठी बाहेर शिपायानं ठेवून घेतली होती, त्यामुळे त्यांचे हात मोकळे होते आणि कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. त्यांनी झिऱ्याचं सांगितलं. आडवळणं कमी केली होती, रात्रभर तयारी केली असावी. कुठल्या उताराला, कुठल्या झाडापासून किती पावलं, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत, नाला कुठून जातो, विहीर कुठे. साहेबांनी पेन थांबवलं. फाईलमधला नकाशा काढला, बाजूच्या कारकुनाला दाखवला. दोघांनी बोट फिरवलं. नकाशात नव्हता.

“हे महत्त्वाचं आहे,” साहेब म्हणाले. “हे हरकतीत कुठं लिहिलंय?”

काका माझ्याकडे वळले. बाकीचे सगळे माझ्याकडे वळले. साहेबांनी स्वतः गठ्ठ्यातले कागद उलटून पाहिले, बरेच पाहिले, इतकं न्याय म्हणून लिहिते. प्रत्येकात तेच होतं.

“पर्यावरणात येते म्हने थे,” काका म्हणाले.

मी काय केलं ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. मी उठले आणि घोषणा दिली. ज्या जागी मला ‘चूक माझी आहे, दोन दिवस द्या, मी लिहून आणते’ असं म्हणायला पाहिजे होतं, तिथे मी मुर्दाबाद म्हणाले. साहेबांनी फाईल मिटली. आमच्यातले सहा जण माझ्यामागे घोषणा देत बाहेर आले. दौलतकाका तिथेच खाली बसले होते, शिपायानं त्यांना उठवलं.

आदेश आला. मुदतीत नमूद न केलेला मुद्दा विचारात घेता येत नाही, असं त्यात होतं. मी अपील केलं. आता झिरा लिहिला, पावलं लिहिली, महिना लिहिला, काकांना घेऊन पुन्हा तिथे फोटो काढायला गेले. तोवर ठेकेदारानं जागा सपाट करायला घेतली होती. उंचवटा कापून त्याचा मुरूम उतारावर पसरला होता. काकांनी एका जागी बसून हातानं मुरूम उकरला, मग दुसऱ्या जागी, मग तिसऱ्या. नंतर पाहणीला माणूस आला, या वेळी खरंच जीपमधून उतरला, फिरला, आणि सदर ठिकाणी कोणताही झरा आढळून आला नाही असं लिहून गेला. ते खरं होतं. तो खोटं बोलला असता तर मला त्याच्याविरुद्ध पत्रक काढता आलं असतं.

डेपो झाला. शास्त्रीय पद्धत म्हणजे तारेचं कुंपण, एक पत्र्याची शेड आणि ओला-सुका लिहिलेले दोन फलक, त्यामागे एकच ढीग. आमच्या गावच्या गाड्या सकाळी तिकडे जातात. त्यातल्या एकीच्या मागे मी दोनदा स्कूटीवरून गेले आहे. वर बाबांच्या दुकानातली ताटं होती. ती मला लांबून ओळखू येतात, कडेला फुलं असतात.

चराई गेल्यावर बोरखेडीत गुरं घरी बांधून ठेवणं लोकांना परवडेना. ज्यांच्याकडे दोन होती त्यांनी एक विकली, ज्यांच्याकडे एक होती त्यांनी तीही. आखरावर येणारी गुरं निम्म्यावर आली, मग त्याहून कमी. गायकी ठेवण्यात अर्थ उरला नाही. ग्रामसभेत यावर ठराव वगैरे काही झाला नाही. लोकांनी एकेक करून काकांना सांगितलं की उद्यापासून आमची सोडू नका. उरलेली पाच-सहा जनावरं लोक नुसतीच सकाळी सोडून देत, संध्याकाळी ती आपल्या आपण येत.

मग ठेकेदारानं दौलतकाकांना डेपोवर ठेवलं. काम काय, तर गुरं आत येऊ नयेत म्हणून फाटकाशी उभं राहायचं. कुंपणाच्या तारा दोन ठिकाणी वाकल्या होत्या आणि जुनी गुरं जुन्या वाटेनं तिकडेच जात, ढिगात तोंड घालत. गावात काही जण हसले. म्हणे दौलत पयले गुरं नेत होता, आता हाकलते, पगार तोच. मी आठ महिने बोरखेडीला गेले नव्हते. लाज वाटायची. लढ्याला यश आलं नाही की कार्यकर्ते दुसऱ्या लढ्यात व्यस्त होतात, तशी मी झाले होते.

यंदा पोळा झाल्यावर काका पुन्हा आमच्या खोलीत आले. काठी दाराबाहेर ठेवली. तोंडाला फडकं बांधलेलं होतं, ते सोडलं. उशीर करणारी ती गाय, जिचा पाय दुखायचा, ती गेली होती. पोट फुगून गेली. मालकिणीनं ढोरांच्या डॉक्टरला बोलावलं होतं, त्यानं सांगितलं की पोटात प्लास्टिक असणार. मग काका म्हणाले की एक अर्ज लिहायचा आहे, नगर परिषदेच्या नावानं.

माझ्या टेबलात छापील नमुने अजून आहेत, तक्रार अर्जाचाही आहे. मी तो काढला नाही. कोरा कागद घेतला आणि म्हटलं, सांगा. ते आडवळणानं सांगत राहिले, मी लिहीत राहिले, दोन पानं झाली. त्यांना त्या फाटकावरून काढावं, एवढीच त्यांची विनंती होती.

“काका, काम जाईल,” मी म्हणाले. “दुसरं आहे काही?”

“नाई. लिवा तुमी.”

लिहून झाल्यावर मी वाचून दाखवायला लागले. एका ठिकाणी मी लिहिलं होतं की जनावरांना या जागेची पूर्वापार सवय असल्यामुळे त्यांना रोखणं अवघड जातं. काकांनी हात वर केला.

“असं नाई म्हटलं मी.”

“मग काय म्हटलं?”

“मी म्हटलं, थ्या मले पाहून येतेत.” त्यांनी दुपट्टा डोक्यावरून काढून मांडीवर ठेवला. “मी दिसलो की त्याइले वाटते, चाराले न्यायले आला. हाकलतो तं जवळ येतेत. मी तिथून गेलो पाहिजे. मंग येनार नाईत.”

मी माझी ओळ खोडली. त्यावर त्यांची लिहिली, जशी म्हटली तशी, शब्द न बदलता, आणि पुन्हा वाचून दाखवली. त्यांनी मान हलवली आणि सही केली. दुसऱ्या दिवशी मी तो अर्ज स्वतः नेऊन दिला. नगर परिषदेतल्या बाईनं तो उभ्या-उभ्या पूर्ण वाचला, जे माझ्या कुठल्याच कागदाचं कधी झालं नव्हतं. मग शिक्का मारला.

ओला-सुका वेगळा करा, कुंपण दुरुस्त करा, हे मी अर्जात शेवटी जोडलं होतं, काकांना विचारून. त्यातलं काही झालेलं नाही. पहिली विनंती मात्र आठवड्याच्या आत मान्य झाली. अर्ज कसा केला म्हणून ठेकेदारानं त्यांना काढून टाकलं. ते आता हिंगणघाटला कापसाच्या जिनात रुई उचलायला जातात, सकाळच्या बसनं. त्यांना काढल्यावर मी मुद्दाम फाटकाशी जाऊन उभी राहिले. गुरं आली. पाच होती. तारेपाशी थांबली, इकडेतिकडे पाहिलं, बराच वेळ उभी राहिली. मग वळली आणि डांबरी रस्त्याच्या दिशेनं गेली.